चाळीस मिनिटांचा राजीनामा

“बोलायची सोयच नाही राहिली आजकल, शशिकलाजी. तोंड उघडलं की केस.”

हे कपाटापलीकडून आलं. मधल्या लोखंडी कपाटाची पाठ केव्हाच गंजून गेली होती. त्यामुळे स्थापना शाखा आणि आवक-जावक शाखा यांच्यामध्ये आता नुसती फायलींची भिंत उरली होती. त्या भिंतीच्या अलीकडे, हातभर अंतरावर, पंचशीला खंडारे पोहे खात बसली होती. तिनं चमचा तोंडाशीच थांबवला.

“अन् मी काय म्हणतो,” स्थापना शाखेचे देवदत्त वैशंपायन कुरकुरत होते, “मी कधी काही बोललो का? बावीस वर्षं झाली. एक शब्द? मग हे अर्ज-बिर्ज कशापायी?”

“हळू बोला ना,” शशिकला टेंबे पुटपुटली. “पलीकडे आहे ती.”

“असू द्या. मी कुठं नाव घेतलं?”

पंचशीलानं घास गिळला. पोहे चांगले होते, वर भुरभुरवलेला जिरावण मसाला पण भरपूर होता, पण आता त्याला चव नव्हती. वैशंपायन म्हणत होते त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी नाव घेतलं नव्हतं. त्या सरकारी कार्यालयात कोणीच कधी कशाचं नाव घेत नसे.

झालं होतं असं. पंधरा दिवसांपूर्वी मुख्य लिपिकाच्या, म्हणजे इंदूरच्या भाषेत ‘बडे बाबू’च्या जागेसाठी पदोन्नतीची यादी लागली. यादी नुसत्या ज्येष्ठतेची. कोणाला कोटा नाही, कोणाला सवलत नाही. आधी कोण लागलं ते बघायचं आणि नाव लिहायचं, दुसरीतल्या पोराला जमेल एवढंच काम. पंचशीला शशिकलेच्या सव्वातीन वर्षं आधी लागली होती. शशिकला रुजू झाली तेव्हा आवक रजिस्टरात रेघा कुठून कुठपर्यंत मारायच्या हे तिला पंचशीलानंच शिकवलं होतं. यादीत नाव आलं शशिकला टेंबेचं.

पंचशीलानं कारण विचारलं. वैशंपायन म्हणाले, “तांत्रिक अडचण आहे.” कुठली तांत्रिक? “तांत्रिक म्हणजे, टेक्निकल.” उपसंचालक धनेश नागर यांना विचारलं तर त्यांनी छताकडे बोट दाखवलं, “ऊपर से आया है, मैडम.” ऊपर म्हणजे भोपाळ. तिनं भोपाळला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “मैडम, हमारे पास तो नीचे से ऐसा ही आया.” वरून आलेलं आणि खालून आलेलं असं ते कारण मध्येच कुठेतरी देवासच्या आसपास हरवलं असावं.

मग तिनं आयोगाकडे तक्रार केली. तक्रारीच्या नमुन्यात एक रकाना होता, ‘भेदभाव का आधार’. तिथं ती अर्धा तास अडली. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. तो शब्द बोटांपर्यंत येई आणि थांबे. आपण लिहिला की उद्यापासून सगळे म्हणणार, बघा, आम्ही कधी काढली नव्हती, हिनंच काढली. शेवटी तिनं त्या रकान्यात लिहिलं: ‘सर्वविदित’. सगळ्यांना माहीत असलेलं.

तर ती कुरकुर ऐकल्यावर तासाभरातच नागर साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब एरवी “हाँ, बोलिए” म्हणत आणि समोरचा बोलत असताना मोबाईल बघत. आज मोबाईल पालथा होता.

“बैठिए, पंचशीलाजी, बैठिए. देखिए, आयोग-वायोग में क्या रखा है? घर की बात है. आप राजीनामा कर लीजिए. कमेटी अगले महीने फिर से बैठा देंगे. आपका भी मान, हमारा भी.”

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इथं दचकू नये. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. पण हिंदीत, त्यातून मध्य प्रदेशातल्या कोर्टकचेरीच्या हिंदीत, राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडायच्या कागदाला तिकडे त्यागपत्र म्हणतात, नाहीतर इस्तीफा. इंदूरच्या मराठी माणसाच्या डोक्यात हे दोन्ही अर्थ एकाच जिन्यावरच्या दोन कुटुंबांसारखे राहतात. वर्षानुवर्षं शेजार, पण येणं-जाणं नाही. पंचशीलाच्या दिराचा महूच्या प्लॉटचा तंटा लोक अदालतीत राजीनाम्यानंच मिटला होता. त्यामुळे साहेबांचं म्हणणं तिला बरोबर समजलं.

समजलं, पण पटलं नाही. तिला खुर्चीचा मोह होता असंही नाही. बडे बाबूंच्या खुर्चीतला स्पंज निघालेला होता आणि बसणाऱ्याला उजवीकडे कलून बसावं लागे. पण निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि बावीस वर्षं ती ज्या रांगेत उभी होती तिथं कोणीतरी एकदा तिला बरोबर मोजावं एवढं तिला हवं होतं.

“कमेटी खरंच बसेल, सर?”

“अरे मैडम! इधर राजीनामा आया, उधर चिट्ठी निकली.” साहेब पुढे वाकले. “बस, लंबा मत लिखना. दो लाइन. वो… कारण-वारण कुछ नहीं. आप समझ रही हैं न?”

ती समजत होती. कारण लिहायचं म्हटलं की तो शब्द आला असता. तिला स्वतःचाच राग आला, कारण तिला जरा हायसंही वाटलं होतं. तिच्या देखतच साहेबांनी इंटरकॉम उचलला.

“देवदत्तजी, मैडम राजीनामा दे रही हैं. ले लेना. आज ही निपटा दो, भिया.”

तिनं जागेवर येऊन दोन ओळी लिहिल्या. ‘विषय: राजीनामा. महोदय, निवेदन है कि प्रार्थिया अपनी इच्छा से राजीनामा प्रस्तुत कर रही है. कृपया स्वीकार करने का कष्ट करें.’ खाली सही. कागद घेऊन ती कपाटाला वळसा घालून वैशंपायनांपुढे उभी राहिली.

वैशंपायनांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते. हे वैशंपायन नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत आणि जुन्याला दर संक्रांतीला. कागद वाचायची त्यांची एक पद्धत होती. आधी शाई बघायची, मग समास, मग मजकूर. आज त्यांनी थेट मजकूर वाचला. त्यांचे डोळे वर आले आणि पंचशीला चकित झाली. त्या डोळ्यांत माया होती.

“बसा,” ते म्हणाले.

बावीस वर्षांत ते तिला बसा म्हणाले नव्हते. ती बसली.

“नीट विचार केलात न? घरी बोललात?”

“माझा निर्णय आहे. घरी काय बोलायचं?”

“हओ, ते पण आहे. बरं केलंत, पंचशीलाजी. बरं वाटलं. तुमच्या मनाला पण शांती, आमच्या पण. खरं सांगतो, थोडं जिवावर येतंय, पण बरं केलंत.”

समझौत्यानं माणूस इतका विरघळतो हे तिला ठाऊक नव्हतं. वैशंपायनांनी चहा मागवला. एक कप त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्याकडे सरकवला, आणि तो कागदी नव्हता, चिनी मातीचा होता. ही गोष्ट त्या दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आली. दोघांनीही लक्षात न आल्यासारखं केलं.

आता कोणी म्हणेल, तीस वर्षं हिंदीत फायली चालवलेल्या माणसाला राजीनामा म्हणजे काय ते कळू नये? कळत होतं. इतर कोणाचा असता तर त्यांनी विचारलं असतं, काहो, कसला राजीनामा? पण शब्दाला दोन अर्थ असले की माणसाला त्यातला मनात आधीपासून बसलेला अर्थ ऐकू येतो. वैशंपायनांच्या मनात तो बावीस वर्षं बसून होता.

साडेतीनला पंचशीलानं नवऱ्याला फोन केला. संघदीप शाळेत गणित शिकवे आणि त्याचा मधला तास रिकामा असे.

“अहो, राजीनामा देऊन टाकला मी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“काय दिला?”

“राजीनामा. नागर साहेब म्हणाले, दिला.”

“तो म्हणाला अन् तू दिला? मला न विचारता?”

“तुम्हाला कशाला विचारू? माझं भांडण, माझा कागद.”

“अगं, चार वर्षं राहिली होती फक्त!”

“म्हणून तर दिला! चार वर्षं काय भांडतच बसू?”

“वा! वा!” संघदीप ओरडला, आणि मागे कुठलातरी वर्ग एकदम चूप झाल्याचं तिला फोनमधून ऐकू आलं. “घरी ये. घरी ये तू.” फोन बंद.

सबंध वाटभर ती मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत अन्नपूर्णा रोडनं घरी आली. पंधरा दिवस हाच माणूस म्हणत होता, मिटव गं, झोप उडाली आपली. मिटवलं तर ओरडतो. सुदामा नगरातल्या घरासमोर आली तर दारात चपलांचे सहा-सात जोड. आत महूचे दीर, जाऊ, नणंद. सगळे भिंतीला लागून, दुःखाच्या घरी बसतात तसे. मधोमध सासूबाई मंजुळा, डोळे सुजलेले.

“कोण गेलं?” पंचशीलानं घाबरून विचारलं.

“तूच गेलीस!” मंजुळाबाई कडाडल्या. ऐंशीच्या वयातही त्यांचा आवाज पलटणीच्या लाइनीत वाढलेल्या बाईचा होता. “माझा सासरा पलटणीत गोळी लागून लंगडा झाला, त्यानं नौकरी नाही सोडली. तुझ्या सासऱ्याला साहेबानं वर्षभर घोड्याच्या पागेत बसवलं, त्यानं नाही सोडली. अन् तू, पंख्याखाली बसून, दोन ओळीत?”

“कोणी नोकरी सोडली?”

“तू. राजीनामा दिला म्हणलीस न संघदीपला?”

पंचशीलानं पर्स खाली ठेवली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं सगळ्यांना समजावलं. राजीनामा म्हणजे तो नव्हे, अहो, हिंदीतला, प्लॉटचा झाला तसला. दीर म्हणाले, “हां, हां, वो वाला!” संघदीपनं कपाळावर हात मारला. जाऊ चहा टाकायला उठली. घरावरचं सावट उठलं. फक्त मंजुळाबाई हलल्या नाहीत.

“म्हणजे समझौता केला तू.”

“हो, आई.”

“त्यांनी तुला डावललं, ते कबूल केलं?”

“नाही.”

“का डावललं, ते सांगितलं?”

“नाही, आई. कमेटी बसवू म्हणाले.”

“मंग राजी कोण झालं?”

आत जावेनं उकळत्या आधणात साखर टाकली.

“सोडली असतीस तर बरं होतं,” मंजुळाबाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. “रडून तरी झालं होतं माझं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशीलानं हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रातल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, “अमान्य कर्मचारी.” तिनं अंगठा पुसून परत ठेवला. “अमान्य कर्मचारी.” डावा ठेवला. यंत्राचं मत बदललं नाही. मागे रांग वाढली. गार्डनं तिला बाजूला घेतलं आणि अवघडून आगंतुकांचं रजिस्टर पुढे केलं.

“नाव सिस्टम से हट गया है, मैडम. अंदर जाना है तो इसमें लिखना पड़ेगा.”

‘किससे मिलना है’ या रकान्यात तिला काही सुचेना. ‘काम’ या रकान्यात तिनं रागानं लिहिलं: ‘नौकरी’.

वर तिच्या टेबलावर तिचं काहीच नव्हतं. रजिस्टरं हलली होती, पेनस्टँड हललं होतं. मधोमध एक शाल, एक नारळ, आणि गुलाबांचं चित्र असलेलं मोठं कार्ड: ‘हमारी प्रिय पंचशीलाजी को भावभीनी विदाई’. खाली एकोणीस सह्या. तिच्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून एकही सही मिळाली नव्हती. शालीखाली आदेश होता. ‘श्रीमती पंचशीला खंडारे द्वारा प्रस्तुत त्यागपत्र तत्काल प्रभाव से स्वीकृत किया जाता है.’ अर्ज मिळाल्याची वेळ तीन वाजून पाच मिनिटं. स्वीकृतीची, तीन पंचेचाळीस.

चाळीस मिनिटं. तिनं ते दोन आकडे तीनदा वाचले. सव्वातीन वर्षांची ज्येष्ठता ज्यांना बावीस वर्षांत दिसली नव्हती, त्यांनी तिला चाळीस मिनिटांत मोकळी केली होती. मध्ये चहा पण झाला होता.

“तू मला सांगितलंसुद्धा नाहीस!” शशिकला मागे उभी होती, रडून नाक लाल. “मी त्या खुर्चीत बसले म्हणून चाललीस न तू? मला माहीत आहे. मी रात्रभर…”

“शशी, बाजूला हो.”

पंचशीला कपाटाला वळसा घालून गेली नाही. तिनं एक कमी भरलेला खण बघून अलीकडूनच चार फायली ओढल्या आणि त्या खिडकीतून वैशंपायनांपुढे आदेश धरला.

“हे काय आहे?”

“तुमचा राजीनामा,” वैशंपायन प्रेमानं म्हणाले.

“राजीनामा म्हणजे समझौता हो!”

प्रेम हळूहळू उतरलं. “समझौता? राजीनामा म्हणजे… राजीनामा. आपल्यात म्हणतात तो.”

“अर्ज हिंदीत होता!”

“पण लिहिणाऱ्या तर मराठी न!”

“अन् वर तुम्ही त्यागपत्र लिहिलं, ते कुठल्या भाषेतून आणलं?”

“अनुवाद केला मी,” वैशंपायन म्हणाले, आणि स्वतःच्याच कानांनी ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात नागर साहेबांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. साहेब फोन कानाला लावूनच बाहेर आले होते आणि फोनवर फक्त “जी सर” म्हणत होते, दर वेळी पहिल्यापेक्षा बारीक आवाजात. आदेशाची प्रत भोपाळला पोचली होती, आणि तिथून विचारणा होत होती की त्यागपत्र स्वीकारायचा अधिकार उपसंचालकाला कधीपासून मिळाला? आणि जिची भेदभावाची तक्रार आयोगापुढे आहे त्याच बाईचं त्यागपत्र चाळीस मिनिटांत? तिला हाकललं असंच आयोग म्हणणार नाही काय?

“सर, मैंने तो राजीनामा समझ के साइन किया था,” नागर साहेब कळवळून म्हणाले.

“साहेब, मीपण राजीनामाच समजून…” वैशंपायन म्हणाले.

“आप चुप रहिए!”

भोपाळनं उपाय सांगितला. एक स्पष्टीकरण पाठवा, की हे त्यागपत्र नव्हतं, राजीनामा होता, आणि तो कोणत्या विवादात झाला ते स्पष्ट लिहा. विवाद नसला तर राजीनामा कसला? दोन्ही पक्षांच्या सह्या. पाच वाजायच्या आत. नाहीतर धनेश नागर यांनी स्वतःचं स्पष्टीकरण घेऊन भोपाळला यावं.

साडेतीनला साहेबांच्या खोलीत चौघं बसले. साहेब, वैशंपायन, कॉम्प्युटरपुढे नव्या बडे बाबू शशिकला, कारण मसुदा टंकणं हे बडे बाबूंचं काम. आणि पाहुण्यांच्या खुर्चीत पंचशीला, कारण ती आता कर्मचारी नव्हती. कालपर्यंत साहेबांच्या सहीवर तिची नोकरी होती. आज तिच्या सहीवर साहेबांची होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत सगळे तिच्याकडे बघून बोलत होते.

शशिकलेनं टाईप केलं आणि वाचलं, “‘कार्यालय एवं श्रीमती खंडारे के मध्य पदोन्नति न दिए जाने का विवाद था, जिसका कारण…’ पुढे काय लिहू, सर?”

“वरिष्ठता,” साहेब म्हणाले. “वरिष्ठता संबंधी विवाद.”

“त्यात वाद कुठं आहे?” पंचशीला म्हणाली. “मी सव्वातीन वर्षं आधी लागले. कोणाला शंका आहे?”

कोणालाच नव्हती. शशिकलेनं मान खाली घालून ‘वरिष्ठता’ खोडलं.

“ग़लतफ़हमी,” साहेब म्हणाले.

“कोणाची?”

ते पण खोडलं.

“विसंवाद लिहा,” वैशंपायनांनी सुचवलं. अडचणीत त्यांना शुद्ध शब्द सुचत. “नाहीतर संवादाचा अभाव.”

“अभाव? देवदत्तजी, मी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसते. तुमचं सगळं ऐकू येतं मला. कालचं पण आलं.”

वैशंपायनांनी पाणी प्यायलं.

“तो फिर… सामाजिक,” साहेब चाचरत म्हणाले. “सामाजिक… मतलब, कुछ वैसे ही.”

“वैसे म्हणजे कैसे, सर?”

“आप समझ रही हैं न, मैडम.”

“मी समजते आहे, सर. बावीस वर्षं मीच समजून घेते आहे. आता भोपाळला समजलं पाहिजे. म्हणून लिहायचं आहे.”

“सर, पाचला वीस मिनिटं आहेत,” शशिकला म्हणाली. “काय लिहू?”

नागर साहेबांनी घड्याळ बघितलं, फोन बघितला आणि शेवटी वैशंपायनांकडे बघितलं. बुडताना माणूस धरायला काहीतरी बघतो, त्या नजरेनं.

“लिखिए,” ते म्हणाले. “सारी गड़बड़ स्थापना शाखा से हुई. देवदत्तजी ने जानबूझकर ग़लत अर्थ लगाया. इनके मन में मैडम के प्रति पहले से… वो था.”

“काय होतं?” पंचशीलानं विचारलं.

“वो.”

“वो कसं टाईप करू, सर?” शशिकला म्हणाली.

“मेरे मन में?” वैशंपायन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. “अकेले मेरे मन में?” मग रागात त्यांची हिंदी संपली आणि ते मराठीवर आले. “साहेब, कमेटीत मी नव्हतो. तुम्ही तिघं होतात. यादीत पंचशीलाजींचं नाव वर मी लिहिलं होतं, मी! तुम्ही म्हणालात, देवदत्तजी, नाम ज़रा नीचे ले लो, बड़े बाबू की टेबल है, पूरे दफ़्तर का चाय-पानी वहीं से होता है. म्हणालात की नाही? मी खाली घेतलं. हओ, घेतलं. माझ्या मनात पण होतं म्हणून घेतलं, खोटं नाही बोलत. पण माझ्या एकट्याच्या? ज्या एकोणीस जणांनी कार्डावर सह्या केल्या त्यांच्या नव्हतं? ह्या शशिकलाजी दोन दिवस पेढे वाटत होत्या, त्यांना माहीत नव्हतं?”

शशिकलेचे हात कीबोर्डवर होते. ते तिनं मांडीवर घेतले.

“देवदत्तजी, बैठ जाइए,” साहेब म्हणाले. “ऐसी बात…”

“नाही बसत! वो काय, वैसे काय, तांत्रिक काय! सगळ्या इमारतीला माहीत आहे. जातीमुळे नाही केलं त्यांना बडे बाबू! जातीमुळे! दुसरं काही कारण नव्हतं, आजपण नाही!”

दाराबाहेर पावलं वाजत होती, ती थांबली. नागर साहेब टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, जणू काही त्यात आजची तारीखच नव्हती.

पंचशीलाला वाटायचं, तो शब्द कधी कोणी तोंडावर उच्चारला तर आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. म्हणून तर तिनं तो तीनदा पुसला होता. आता तो खोलीच्या मधोमध उभा होता. खोलीत लाज होती, भरपूर होती, पण ती तिच्या खुर्चीकडे आलीच नाही. तिनं पर्समधून स्वतःचं पेन काढलं आणि सहीसाठी टोपण उघडून ठेवलं.

शशिकलेनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली. तिचा आवाज एकदम कामाचा झाला, बडे बाबूंचा.

“देवदत्तजी,” ती म्हणाली, “परत सांगा. जरा हळू. मी टाईप करतेय.”